ऑस्ट्रेलियात अ‍ॅबोरिजिनल पेंटिंग घेताय? आधी मागची बाजू बघा

मेलबर्न-सिडनीत घर घेतलं की हॉलमध्ये अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळनिवासी लोकांचं, एक डॉटवालं (ठिपक्यांचं) पेंटिंग पाहिजे असं आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं, आणि मग टुरिस्ट मार्केटमधून काहीतरी उचललं जातं. प्लीज नका करू. तिथल्या सरकारच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने २०२२ मध्ये सांगितलंय की या स्टाइलच्या सोव्हेनियरवर लोक जो खर्च करतात त्यातला निम्म्याहून जास्त नकली मालावर जातो. बिरुबी आर्ट नावाच्या कंपनीने तर इंडोनेशियात बनवलेला माल अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या हातचा असल्यासारखा विकला, २०१९ ला कोर्टाने २३ लाख डॉलर दंड लावला पण तोवर कंपनीच दिवाळखोरीत. आपल्याकडे वारलीच्या नावाने काय काय खपतं ते माहितीच आहे.

तर गॅलरीत जा, पण गॅलरी दिसली म्हणजे सगळं ओके असंही नाही. आधी ती इंडिजिनस आर्ट कोडची (मूळनिवासी कलाकारांशी प्रामाणिक व्यवहार करण्याची आचारसंहिता) मेंबर आहे का बघा, यादी ऑनलाइन मिळते. मग चित्र आवडलं की सरळ सांगा, जरा उलटं करून दाखवा. मागे कॅटलॉग नंबर लिहिलेला असतो, तो सर्टिफिकेटवरच्या नंबरशी जुळला पाहिजे, आणि सर्टिफिकेट शक्यतो आर्ट सेंटरचं हवं, म्हणजे कलाकारांच्या गावातल्या त्यांच्याच संस्थेचं. उदाहरणार्थ, पापुन्या तुला ही कंपनी १९७२ पासून आहे आणि मालक कलाकारच, अ‍ॅलिस स्प्रिंग्सला त्यांची स्वतःची गॅलरी आहे. नुसतं गॅलरीने छापलेलं सर्टिफिकेट आणि सोबत कलाकाराचा चित्र धरून काढलेला फोटो, एवढ्यावर भुलू नका, कारण कलाकाराला मोटेलमध्ये बसवून कवडीमोलाने चित्रं काढून घेणारे दलाल पण असेच फोटो देतात.

कलाकाराला किती मिळाले हे बिनधास्त विचारा. गॅलरीचं कमिशन ४० टक्क्यांच्या आसपास असू शकतं, त्यात काही गैर नाही, उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर मात्र निघा तिथून. चित्राची गोष्ट सांगतील तेवढी ऐका, बाकीची बाहेरच्यांना सांगायची नसते, फार खोदून विचारू नका.

आणि डॉट म्हणजेच अस्सल हे डोक्यातून काढा, डॉट मुख्यतः वाळवंटी भागातले, उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमध्ये झाडाच्या सालीवर बारीक आडव्यातिडव्या रेघा, वायव्येकडच्या किंबर्लीत मातीचे रंग.

बजेट कमी असेल तर माझं मत, सर्टिफिकेट नसलेल्या, मोठ्या नावाच्या चित्रापेक्षा आर्ट सेंटरचं काहीशे डॉलरवालं छोटं चित्र केव्हाही बरं. ऑगस्टमध्ये डार्विनच्या आर्ट फेअरला थेट आर्ट सेंटरच विकायला येतात. बऱ्याच गॅलऱ्या हप्त्यानेही देतात, विचारून बघा.

भारतात न्यायचं असेल तर फ्रेम न करता घ्या, रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळायला सांगा, आत ठेवून घट्ट गुंडाळलं की रंगावर दाब येऊन तडे जायची भीती. जुनं आणि महागडं असेल तर एक्सपोर्ट परमिट लागू शकतं, पैसे द्यायच्या आधी विचारा. पुढेमागे ऑस्ट्रेलियात गॅलरी किंवा लिलावामार्फत विकलंत आणि किंमत १००० डॉलर किंवा वर असेल तर सहसा ५ टक्के रॉयल्टी कलाकाराला जाते, म्हणून सगळी बिलं जपून ठेवा.

बाकी चित्र तुमचं झालं तरी कॉपीराइट कलाकाराचाच राहतो, त्यामुळे मंडळाच्या गणपतीच्या टी-शर्टवर ते छापायची आयडिया कुणी काढलीच तर आधी आर्ट सेंटरला मेल करून लेखी परवानगी घ्या.