घरच्या चित्रीकरणासाठी पहिला कॅमकॉर्डर घेताना या चुका टाळा

घरातले लग्न, तान्हा पोळा, नातीचे बारसे किंवा कापसाची वेचणी यांच्या आठवणी जपाव्यात म्हणून खेड्यापाड्यांतली कुटुंबे कॅमकॉर्डर घ्यायला नागपूरच्या सीताबर्डीला जातात किंवा घरबसल्या ऑनलाइन मागवतात. अशा वेळी सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे खोक्यावरचे आकडे पाहून निर्णय घेणे. ‘४८ मेगापिक्सेल’ हा आकडा स्थिर छायाचित्रांचा असतो आणि स्वस्त यंत्रांत तोही बहुधा फुगवलेला असतो. फुल एचडी चित्रफितीच्या एका चौकटीत साधारण २० लाखच पिक्सेल (चित्राचे ठिपके), म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल असतात.

झूमच्या बाबतीत फसगत याहून अधिक होते. ऑप्टिकल झूममध्ये भिंगे सरकून दृश्य जवळ येते, तर डिजिटल झूममध्ये चित्राचा मधला भाग कापून ताणला जातो आणि चेहरे धुरकट होतात. दोन्ही ओळखण्याची एक सोपी खूण आहे. भिंगाभोवतीच्या कड्यावर मिलिमीटरमध्ये आकडे छापलेले असतात. सोनीच्या एचडीआर-सीएक्स४०५ या सुरुवातीच्या श्रेणीतील कॅमकॉर्डरचे भिंग १.९ ते ५७ मिलिमीटरचे आहे. मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागले की ३० येतात, म्हणजे ऑप्टिकल झूम खरोखर ३० पट आहे. कड्यावर एकच आकडा असेल, तर खोक्यावर काहीही लिहिलेले असो, त्या यंत्राला ऑप्टिकल झूम नाही असे समजावे आणि ते घेऊ नये.

मात्र खरा झूम मिळाला म्हणून तो रात्रीच्या मांडवात मनसोक्त वापरणे ही पुढची चूक ठरते. या श्रेणीतील कॅमेऱ्यांचा सेन्सर (उजेड टिपून चित्र बनवणारा भाग) फार लहान असतो, त्यामुळे कमी उजेडात चित्र दाणेदार येते. त्यातच वर सांगितलेल्या भिंगाचे छिद्र पूर्ण झूमवर एफ १.८ वरून एफ ४ पर्यंत आकसते (एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान), म्हणजे सेन्सरवर पडणारा उजेड जवळपास एक पंचमांश उरतो आणि हाताचा किंचितसा कंपही मोठा होऊन दिसतो. म्हणून झाडीपट्टीतले नाटक असो की हळदीची रात्र, मागच्या रांगेतून झूम करण्यापेक्षा पुढे जाऊन, झूम न करता चित्रीकरण करावे. तसे शक्य नसेल तर तिपाई वापरावी.

ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र लुकलुकत असेल तर यंत्र बिघडले असे समजून दुकान गाठू नये. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे साध्या चोकवरची ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. अमेरिकेतील नातेवाइकाने पाठवलेला कॅमेरा ६० च्या हिशेबाने चालतो, त्यामुळे आपल्याकडील ट्यूबच्या उजेडात हा दोष त्यात हमखास दिसतो. शटरचा वेग (प्रत्येक चौकटीसाठी उजेड घेण्याचा वेळ) हाताने ठरवता येत असल्यास तो १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावा. नव्याने घेताना ५० हर्ट्झला जुळणारेच मॉडेल मागावे.

आवाजाकडे तर खरेदीच्या वेळी कोणी पाहतच नाही, आणि माझ्या मते घरच्या चित्रफितीत चित्रापेक्षा आवाजच अधिक जपायचा असतो, कारण पुढे आजीचे बोलणे तिथेच ऐकू येणार असते. बाहेरचा माइक जोडण्याची सोय अनेक स्वस्त मॉडेलांत नसते, हे आधीच तपासावे. ती नसेल, तर बोलणाऱ्याच्या खिशात मोबाइलचे रेकॉर्डिंग सुरू करून ठेवावे आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी, म्हणजे नंतर संगणकावर त्या टाळीवरून आवाज आणि चित्र जुळवता येतात. डीजेच्या पेट्यांजवळ उभे राहिल्यास आवाज फाटतो आणि तो पुढे दुरुस्त होत नाही.

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तर बहुतेक कॅमकॉर्डर ४० अंशांपर्यंतच वापरावेत असे माहितीपुस्तिकेत नमूद असते. टिनाच्या छपराखाली किंवा बंद गाडीत यंत्र ठेवू नये, आणि उन्हातून आणलेली तापलेली बॅटरी थंड झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. भारनियमनाचा विचार करून एक जादा बॅटरी सुरुवातीलाच घ्यावी.

मेमरी कार्ड किमान क्लास १० (कार्डाच्या साठवण्याच्या वेगाची श्रेणी) चे असावे. सेकंदाला २४ मेगाबिट दराने चित्रीकरण केल्यास तासाला सुमारे ११ जीबी लागतात, म्हणजे ३२ जीबीचे कार्ड तीन तासही पुरत नाही.

चित्रीकरण सुरू असतानाच बॅटरी संपली आणि शेवटची फीत उघडेना, तर त्या कार्डावर नवे काहीही चित्रित करू नये व ते फॉरमॅटही करू नये. चार्ज केलेल्या बॅटरीसह कार्ड त्याच कॅमेऱ्यात घातल्यावर अनेक कॅमेरे दुरुस्तीची परवानगी विचारतात, ती द्यावी. एव्हीसीएचडी पद्धतीत चित्रित केलेले साहित्य संगणकावर घेताना आतल्या सुट्या फिती उचलण्याऐवजी कार्डावरचा संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा उतरवावा, कारण लांबलचक विधीचे चित्रीकरण अनेक तुकड्यांत साठवलेले असते आणि ते तुकडे सलग जोडण्याची माहिती त्याच फोल्डरमधील इतर फायलींत असते. दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून ती उघडून पाहिल्यानंतरच कार्ड रिकामे करावे.