महामार्गावरचा थरारपट लिहिताना या चुका टाळा

महामार्गावर घडणाऱ्या थरारपटाची पटकथा बहुधा पहिल्या पंधरा-वीस पानांतच फसलेली असते, परंतु लेखकाला ते शेवटच्या पाठलागापाशी पोहोचल्यावर जाणवते. मग तो वेग वाढवतो, रक्त वाढवतो, पाऊस पाडतो, आणि तरीही वाचणारा थंडच राहतो. अशा वेळी शेवट दुरुस्त करत बसण्यात अर्थ नसतो. मागे जाऊन पाहावे लागते की भीती नेमकी कशावर उभी केली होती.

या प्रकारातला अभ्यासावा असा चित्रपट म्हणजे स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ड्युएल’. रिचर्ड मॅथेसन यांच्या कथेवरचा हा चित्रपट १३ नोव्हेंबर १९७१ रोजी अमेरिकेत ‘एबीसी’ वाहिनीवर दाखवला गेला. तेव्हा तो ७४ मिनिटांचा होता. चित्रपटगृहांसाठी पुढे तो ९० मिनिटांचा करण्यात आला. कथा एका ओळीत मावते. डेव्हिड मान नावाचा एक साधा नोकरदार कॅलिफोर्नियातील रस्त्यावर धूर ओकणाऱ्या एका जुनाट टँकरला ओव्हरटेक करतो आणि तो टँकर त्याच्या जिवावर उठतो. खालच्या चुका समजून घेण्यासाठी हा एकच चित्रपट जवळजवळ पुरतो.

सर्वांत मोठी चूक अंतराची आहे. पाठलाग लिहिताना ‘ट्रक जवळ येतो’, ‘गाडी सुसाट सुटते’ अशी वाक्ये पानभर येतात, पण ट्रक किती मागे आहे, पुढचे वळण किती लांब आहे, रस्ता चढाचा आहे की उताराचा, यांतले प्रेक्षकाला काहीच ठाऊक नसते. ज्याला अंतर ठाऊक नाही त्याला ते कमी होत असल्याची भीती वाटत नाही. त्याला फक्त गोंधळ दिसतो. ‘ड्युएल’च्या वेळी स्पीलबर्ग यांनी संपूर्ण चित्रपटाचा, वरून पाहिल्यासारखा, लांबलचक नकाशा काढून घेतला होता आणि चित्रीकरणाचे नियोजन त्यावरून केले होते. पटकथा लिहिणाऱ्यानेही हेच करावे. एका मोठ्या कागदावर रस्ता काढावा, त्यावर पेट्रोल पंप, ढाबा, रेल्वे फाटक, घाट मांडावेत आणि प्रत्येक प्रसंगात दोन्ही वाहने कुठे आहेत याच्या खुणा कराव्यात. ज्या प्रसंगात खूण करता येत नाही, तो प्रसंग अजून लिहून झालेलाच नाही असे खुशाल समजावे.

दुसरी चूक अशी की लेखक खलनायकाला भयंकर करतो आणि रस्त्याला मात्र विसरतो. महामार्ग अनोळखी माणसांच्या परस्परविश्वासावर चालतो. पुढच्या ट्रकवाल्याने खिडकीतून हात काढून साइड दिली की आपण त्याचा चेहरा न पाहता गाडी पुढे काढतो. घाटात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे केलेले आहे. ‘ड्युएल’मध्ये टँकरच्या खिडकीतून असाच एक हात बाहेर येतो आणि पुढे जाण्याची सवड असल्याची खूण करतो. मान गाडी बाहेर काढतो, तर समोरून दुसरी गाडी येत असते. रक्ताचा थेंबही न सांडता हा प्रसंग छातीत धडकी भरवतो, कारण ज्या खुणेवर आपण रोज जीव टाकतो, तीच येथे खोटी ठरते. दहशत कमी पडत असेल तर शस्त्रे वाढवण्यापूर्वी हॉर्न, डिपर, इंडिकेटर, टोलवरची रांग यांपैकी कोणती सवय उलटवता येईल हे पाहावे.

खलनायकाच्या बालपणीच्या दुःखांचा उलगडा शक्यतो गाळावा. टँकरचालकाचा चेहरा आपल्याला कधी नीट दिसत नाही. दिसतात ते हात आणि बूट. टँकरच्या पुढच्या भागावर मात्र वेगवेगळ्या नंबरप्लेटा लावलेल्या आहेत, आणि यापूर्वीही असे काही घडले असावे, हा तर्क प्रेक्षक स्वतःच लढवतो.

‘मोबाइलला रेंज नाही’ ही आजच्या पटकथांतली सर्वांत आळशी पळवाट आहे. फोन लागू द्यावा, ११२ वर बोलणेही होऊ द्यावे. फक्त मदत पोहोचेपर्यंतचा वेळ प्रेक्षकाला मोजायला लावावा. आपल्याकडच्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या प्रवेश-नियंत्रित रस्त्यावर तर कोंडी आयतीच मिळते, कारण तेथे मनात आले म्हणून गाडी वळवता येत नाही. पुढचा इंटरचेंज येईपर्यंत मागच्या वाहनासोबतच जावे लागते. जुन्या दुपदरी रस्त्यासाठी लिहिलेला प्रसंग उचलून अशा रस्त्यावर टाकला, तर मात्र तो जमत नाही, कारण समोरून येणाऱ्या वाहनाचा धोका दुभाजकामुळे उरलेलाच नसतो.

नायक मूर्ख वाटतो, ही तक्रारही नेहमीची. तो थांबत का नाही, परत का फिरत नाही, या प्रश्नांची उत्तरे संकट येण्यापूर्वीच पेरलेली असावी लागतात. पेट्रोल पंपावरचा माणूस मानला रेडिएटरचा होज बदलायला सांगतो आणि मान ते पुढे ढकलतो. आपणही तेच केले असते. पुढे ऐन चढावर तोच होज फुटतो, इंजिन तापते, वेग पडत जातो आणि मागे टँकर असतो. हा योगायोग वाटत नाही, कारण बिघाडाची सूचना आपण स्वतःच्या कानांनी ऐकलेली असते.

‘ड्युएल’ही निर्दोष नाही. मानच्या मनातले विचार ऐकवणारा आवाज मला आजही खटकतो. हॉटेलात बसलेल्यांपैकी टँकरचालक कोण असेल, हे तो बूट न्याहाळत शोधतो तेव्हा त्याची नजर पुरेशी बोलकी असताना शब्दांची गरजच नव्हती. संकलनात एकदा सर्व संगीत बंद करून पाठलाग पाहावा. इंजिनाची घरघर, गिअर बदलल्याचा आवाज आणि गाडी बंद पडल्यावरची शांतता एवढ्यावर प्रसंग तगत नसेल, तर संगीत त्याला वाचवणार नाही. अंधाराचेही तसेच आहे. टँकरचा पाठलाग लख्ख उन्हात होतो.

शेवटी स्फोट घडवण्याचा मोह आवरावा. टँकर दरीत कोसळतो तेव्हा ज्वाळांचा लोळ उठत नाही. ते धूड घसरत, वाकत, कण्हल्यासारखा आवाज करत खाली जाते आणि धुळीत निपचित पडते. त्यानंतर पोलीस येत नाहीत, खुलासा होत नाही. मान आधी आनंदाने नाचतो, मग कड्याच्या टोकाशी बसतो आणि सूर्य मावळत असताना खाली खडे फेकत राहतो.