ट्रान्समीटर शोधताना रिसीव्हर कुठे बसवाल?

सिग्नल पोहोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून ट्रान्समीटरची जागा काढायची तर किमान तीन रिसीव्हर लागतात, आणि ते एका रेषेत नकोत. हायवेलगत ओळीने बसवले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक उत्तर येतं. खरं कोणतं ते कळत नाही. संशयित भाग त्रिकोणाच्या आत येईल अशा जागा निवडा.

रेडिओलहर 100 नॅनोसेकंदांत 30 मीटर जाते. वेळ मोजण्यात तेवढी चूक झाली, तर दोन रिसीव्हरना जोडणाऱ्या रेषेवर ती 15 मीटरवर निभावते. रिसीव्हरच्या प्रत्येक जोडीतल्या वेळेच्या फरकातून नकाशावर एक वक्ररेषा मिळते, त्या छेदतात तिथे ट्रान्समीटर. तो त्रिकोणाबाहेर लांब असला की या वक्ररेषा जवळजवळ समांतर होतात. दिशा बरी मिळते, अंतर मात्र किलोमीटरनेही चुकू शकतं. अशा वेळी रिसीव्हरसाठी जास्त अचूक, महागडं घड्याळ घेण्यापेक्षा एक रिसीव्हर पलीकडे हलवलेला बरा.

केबलची लांबीही मोजा, रिसीव्हरला अचूक वेळ देणाऱ्या जीपीएस अँटेनाचीसुद्धा. आरजी-58 या अँटेनाच्या प्रचलित केबलच्या 20 मीटरमध्ये सुमारे 100 नॅनोसेकंद जातात. सगळीकडे एकाच जातीची, सारख्या लांबीची केबल वापरली की हा उशीर वजाबाकीत उडतो.

गच्चीवर अँटेना पाण्याच्या टाकीच्या आडोशाला किंवा पत्र्याला लागून नको. थेट सिग्नल अडतो, परावर्तित लहर उशिरा येते आणि सॉफ्टवेअर तिलाच खरी धरतं.