कॉक्लिअर इम्प्लांटनंतर गाणी ऐकायची प्रॅक्टिस कशी करायची

कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र. ते पहिल्यांदा चालू केल्यावर, म्हणजे स्विच ऑननंतर, काही महिन्यांत बोलणं बऱ्यापैकी कळायला लागतं, पण गाणं लावलं की नुसता गोंगाट, मग बरेच जण गाण्याचा नादच सोडतात. सोडू नका, फक्त क्रम बदला. आपण थेट आवडतं फिल्मी गाणं लावतो, व्हायोलिनं, कोरस सगळं एकदम, आणि तेच सगळ्यात अवघड असतं.

कारण साधं आहे. कानाच्या आत आवाज पकडणाऱ्या हजारो केसपेशी असतात, इम्प्लांटमध्ये कंपनीप्रमाणे कानाच्या नसेला सिग्नल देणारे साधारण 12 ते 22 इलेक्ट्रोड. शांत खोलीत बोलणं समजायला तेवढे पुरतात, सुरातला बारकावा मात्र गळून जातो. पण ठेका जवळपास शाबूत पोचतो, म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

घरातल्या कुणालातरी टेबलावर दादरा किंवा केरवा वाजवायला सांगा, तुम्ही डोळे मिटून ओळखा सहाचा की आठचा, आणि हो, तुमचा हात टेबलावर नको, नाहीतर कान नाही तळहातच उत्तर देतो! हे जमलं की यूट्यूबवर नुसती ढोलकी किंवा नुसता तबला लावा आणि डग्ग्याचा जाड आवाज आला की टाळी द्या.

मग गाणं. ऐकू येणं कमी व्हायच्या आधी तुम्हाला पाठ असलेलं कुठलंही जुनं भावगीत घ्या, एकच गायक, मागे एकदोन वाद्यं, शब्द स्पष्ट. जे मशीन (इम्प्लांटचा बाहेर लावायचा भाग) देत नाही ते आठवण थोडंफार भरून काढते. पहिले काही दिवस शब्द समोर ठेवून बोट फिरवत ऐका, मग कागद उलटा ठेवा आणि मधूनच कुणाला तरी पॉज करायला सांगा, कुठल्या ओळीवर थांबलं ते तुम्ही सांगायचं. रोज नवीन गाणं नको, तेच तेच ऐका, घरचे वैतागतील तर वैतागू देत. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांकडे ही आठवणच नसते, त्यांच्यासाठी बडबडगीतं, हातवारे आणि थेरपिस्टचा सल्ला.

सूर सगळ्यात शेवटी. मोबाईलवर पेटीचं ॲप घ्या, स्क्रीन तुम्हाला दिसणार नाही अशी धरून दुसऱ्याने खालचा सा आणि वरचा सा वाजवायचा, आधी कुठला ते ओळखा. मग सा-प, मग सा-ग. सा-रे मधला फरक कित्येकांना नीट कळतच नाही, त्यात तुमचं काही चुकत नाहीये, तिथे अडून बसू नका.

सेटिंगचं बघा. ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) म्युझिकचा वेगळा प्रोग्रॅम मागून घ्या, कारण नॉइज कमी करणारी सेटिंग तानपुऱ्यासारख्या एकसारख्या आवाजालाही नॉइज समजू शकते. जमत असेल तर ब्लूटूथने थेट मशीनवर स्ट्रीम करा, म्हणजे पंखा, मिक्सर, खालचा भंगारवाला मध्ये येत नाही. दुसऱ्या कानात हिअरिंग एड असेल तर मजेसाठी ऐकताना ते घालाच, जाड सूर तिथून चांगले येतात, फक्त प्रॅक्टिसचा थोडा वेळ ते काढून ठेवा.

लोकलमध्ये प्रॅक्टिस करू नका, माझं स्पष्ट मत आहे. त्या खडखडाटात कान दमतो आणि अनाउन्समेंट हुकते ती वेगळीच. गणपतीत ढोल-ताशा जवळ आला की मशीन आपणहून सगळाच आवाज दाबतं, शेजारचा काय बोलतोय तेही जातं, तेव्हा माइकची सेन्सिटिव्हिटी कमी करा किंवा सरळ लांब उभे राहा.

दिवसाला पंधरा-वीस मिनिटं बास, दमल्यावर ऐकलेलं डोक्यात शिरत नाही. आणि गाण्याने बोलणं आपोआप सुधारेल असं धरू नका, स्पीचची थेरपी वेगळी चालूच ठेवा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे चौकशी करता येईल.

नीट येणारं गाणं अचानक खरखरायला लागलं तर मात्र प्रॅक्टिस वाढवू नका. आधी माइकचं कव्हर बदला, दुसरी केबल लावून बघा, पावसाळा असेल तर रात्रभर मशीन ओल शोषणाऱ्या ड्राय बॉक्समध्ये ठेवा, तरीही तसंच असेल तर मॅपिंगची (मशीनची सेटिंग जुळवून घेण्याची) अपॉइंटमेंट घ्या आणि जाताना तेच गाणं मोबाईलमध्ये घेऊन जा, कुठे बिघडतं ते ऐकता ऐकता सांगता येतं.