नांगर टाकून बोटीवर राहताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

बोटीचा माझा अनुभव म्हणजे लहानपणी बडोद्याच्या सूरसागर तलावात मारलेली एक चक्कर, त्यामुळे मावसभावाने लंगकावीला बोलावलं तेव्हा दांडिया बाजारातल्या मावशीने पहिलं हेच विचारलं, "तुला पोहता तरी येतं का रे?" दादाची शिडाची बोट मलेशियाच्या त्या बेटांमध्ये नांगर टाकून उभी असते, तो आणि वहिनी तिच्यावरच राहतात. मी दोन महिने राहून आलो. खालच्या बहुतेक चुका माझ्या, एकदोन दादाच्या आहेत पण तो कबूल करणार नाही.

सगळ्यात महागात पडली असती ती साखळी. दायांग बुंटिंग बेटाजवळ संध्याकाळी पोचलो, खोली दाखवणाऱ्या मीटरवर ४ मीटर दिसले, मी म्हटलं साखळी खोलीच्या पाचपट सोडायची ना, मग २० मीटर सोडू, दादा इंजिनाशी खटपट करत होता, तो आतूनच हो म्हणाला. आता वेळ ओहोटीची होती हे दोघांच्याही डोक्यात नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास तिकडे भरतीला पाणी अडीच-तीन मीटर चढतं, शिवाय साखळी जिथून सुटते ते बोटीचं टोकच पाण्याच्या मीटरभर वर, म्हणजे ४ आणि ३ आणि १, झाले ८, त्याच्या पाचपट ४०. आम्ही निम्मी सोडून मस्त झोपलो. पहाटे साडेतीनला पश्चिमेकडून वारा सुटला, त्या वादळांना तिकडे सुमात्राच म्हणतात, साधारण एप्रिल ते नोव्हेंबर येतात आणि रात्री नाहीतर पहाटेच गाठतात. बोट जागेवरून सरकली की वाजतो तो अँकर अलार्म वाजायला लागला. मला वाटलं बोट नुसती फिरतेय, दादाने पुढे जाऊन साखळीवर हात ठेवला आणि ओरडला, "इंजिन चालू कर!" नांगर धरून असेल तर साखळी ताणलेली पण शांत लागते, घसरत असेल तर आतून गुरगुर-खडखड हाताला कळते, दगडावरून पाटा ओढल्यासारखी. मागे जागा होती म्हणून अजून साखळी सोडली आणि नांगर धरला, जागा नसती तर उचलून परत टाकावा लागला असता, भर पावसात.

तेव्हा खोली नेहमी भरतीची धरा. टाकल्यावर इंजिन रिव्हर्समध्ये घेऊन हळूहळू जोर वाढवा आणि किनाऱ्यावरची दोन झाडं एका रेषेत धरून बघा सरकतेय का. साखळीचा कडकड आवाज झोपू देत नसेल तर तिला हुकाने नायलॉनचा दोर लावतात, स्नबर म्हणतात, तो ताणला जातो आणि धक्का खातो. आणि जिथे प्रवाळ असेल तिथे नांगर वाळूतच टाका, प्रवाळ तुटतात आणि साखळी अडकते ती वेगळीच.

आता संडास, बोटीवर त्याला हेड म्हणतात. पोटातून गेलेलं सोडून काहीही आत टाकायचं नाही, बऱ्याच बोटींवर कागदसुद्धा नाही. फ्लश म्हणजे हातपंपाचा दांडा वर-खाली मारायचा, मी दुसऱ्याच दिवशी चार दांडे मारून बाहेर आलो, वहिनी म्हणाली, "अहो भाऊजी, वीस तरी मारा, नाहीतर ते पाइपातच बसतं." दांडा दिवसेंदिवस जड होत चालला असेल तर पाइपात खार धरलाय असं समजा, समुद्राचं पाणी आणि लघवी मिळून तो चुन्यासारखा थर तयार होतो, रात्री व्हिनेगर टाकून ठेवायचं, थर जाड झाला की पाइपच बदला. पंप केल्यावर पाणी हळूहळू परत भांड्यात येत असेल तर बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी रबराची चोचीसारखी झडप असते, ती गेली, नवीन घाला, स्वस्त असते, एक जास्तीची ठेवाच. आणि दिवसभर फिरून आल्यावर सडक्या अंड्याचा वास येतो तो बहुतेकदा टाकीचा नसून आत येणाऱ्या पाइपात अडकून मेलेल्या समुद्री जीवांचा असतो, निघताना थोडं गोडं पाणी फिरवून जा.

गोड्या पाण्याचा पंप रात्री कोणी नळ उघडला नसताना आपोआप टुर्र करून बंद होत असेल तर दुर्लक्ष करू नका, कुठेतरी गळतंय. आम्ही तीन रात्री दुर्लक्ष केलं, सिंकखालचा क्लॅम्प सैल होता, अर्धी टाकी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटी मगभर गोड्यात. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र, वॉटरमेकर, असलं तरी बंदरातल्या गढूळ, तेलकट पाण्यात चालवू नका, त्यातल्या गाळणीच्या पडद्याची, मेंब्रेनची, वाट लागते. लंगकावीचं पाणी फोटोत दिसतं तेवढं काचेसारखं नसतं, आम्ही बऱ्याचदा कॅनच भरून आणायचो.

बॅटरीचा खरा खाऊ फ्रिज. मी गरम भात तसाच आत ठेवला आणि कॉम्प्रेसर रात्रभर चालू, सकाळी १२ व्होल्टच्याही खाली. साध्या बॅटऱ्या निम्म्याच्या खाली रोज उतरवल्या की लवकर मरतात. सोलर पॅनल कमी चार्ज देत असेल तर आधी वर बघा, बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) किंवा दोराची सावली पडलीय का, बोट वाऱ्याबरोबर फिरते तशी सावलीही फिरते.

आता मावशीचा खोका. लिलो चिवडा, सेव, मसाले, सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यात बांधून दिलेलं, मी तसंच आत नेलं. वहिनीचा चेहरा बघण्यासारखा होता. पुठ्ठ्याच्या पन्हाळीत झुरळांची अंडी असू शकतात, सामान बाहेर डेकवर रिकामं करून खोका बाहेरच ठेवायचा असतो. पंधरा दिवसांनी झुरळं निघालीच, मग घरचाच उपाय, बोरिक पावडर आणि साखर घालून कणकेच्या गोळ्या, कोपऱ्याकोपऱ्यात.

गॅस वापरून झाला की सिलिंडरवरूनच बंद, हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर बिल्जमध्ये साचतो.

आणि डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर जायची छोटी होडी. जेटीला भरतीत आखूड दोराने बांधून बाजारात गेलात तर परत येईपर्यंत ती लोंबकळत असते, ओहोटीत बांधली आणि जेटीखाली सरकली तर पाणी चढताना वरच्या लाकडात अडकून दाबली जाते. दोर लांब ठेवा, आणि किनाऱ्यावर ओढून ठेवणार असाल तर भरतीची वेळ बघूनच जा, आम्ही दही आणि कांदे घेऊन परत आलो तर मध्ये शंभरेक मीटर गुडघाभर चिखल, दही हातात धरून.