रेडमी नोट ४ वर कस्टम रॉम टाकताय? रॉमला शिव्या घालण्याआधी या चुका तपासा

जानेवारी २०१७ मध्ये भारतात आलेला रेडमी नोट ४ अजूनही कितीतरी घरांत ड्रॉवरमध्ये पडून आहे. स्नॅपड्रॅगन ६२५, ४१०० एमएएचची बॅटरी, एकूण गडी धडधाकट. पण कंपनीने अँड्रॉइड ७ वर हात टेकले. मग लोक त्यावर लिनिएजओएससारखी रॉम (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी दुसऱ्यांनी बनवलेलं अँड्रॉइड) टाकतात आणि दोन तासांत ‘रॉमच बोगस आहे’ म्हणून मोकळे होतात. मी संशय घेतो तेव्हा रॉमचा नंबर सगळ्यात शेवटी लावतो. घोळ बहुतेक वेळा पहिल्या बूटच्या, म्हणजे नव्या रॉमवर फोन पहिल्यांदा सुरू होण्याच्या, आधीच झालेला असतो.

आधी फोनचं टोपणनाव बघा. आपल्याकडे विकला गेलेला स्नॅपड्रॅगनवाला नोट ४ म्हणजे ‘मिडो’. चीनमध्ये याच नावाने मीडियाटेक हेलिओ एक्स२० चा फोन निघाला, तो ‘निकेल’. नाव एक, आतला माल वेगळा. रॉमची फाइल चुकीची असेल तर रिकव्हरी (जिथून रॉम टाकतात तो फोनमधला वेगळा मेनू) ‘एरर ७’ दाखवून थांबते. मग एखादा व्हिडिओवाला सांगतो की झिप उघडा आणि स्क्रिप्टमधली असर्टची (फोनचं मॉडेल तपासणारी) ओळ उडवा. कृपा करून हे करू नका, ती ओळ तुमचा फोन वाचवायलाच तिथे आहे. फाइल बरोबर असूनही एरर ७ आला, तर रिकव्हरी किंवा फर्मवेअर (मोडेमसारख्या भागांचं सॉफ्टवेअर) जुनं असण्याची शक्यता मोठी. ते नवं करा आणि पुन्हा प्रयत्न करा.

टीडब्ल्यूआरपी (रॉम टाकण्यासाठी लागणारी वेगळी रिकव्हरी) फ्लॅश केल्यावर, म्हणजे फोनमध्ये बसवल्यावर, फोन सरळ चालू करणं ही दुसरी नेहमीची चूक. मूळ मीयूआय (कंपनीचं सॉफ्टवेअर) सुरू झालं की ते स्वतःची रिकव्हरी परत बसवतं आणि आपण ‘टीडब्ल्यूआरपी गेलं कुठे’ म्हणत बसतो. फ्लॅश झाल्या झाल्या व्हॉल्यूम अप आणि पॉवर दाबून थेट रिकव्हरीतच शिरायचं.

आत गेल्यावर इंटरनल स्टोरेज ० एमबी दिसतंय किंवा फोल्डरांची नावं अगम्य अक्षरांत दिसताहेत? जुनं एन्क्रिप्शन (डेटाला लावलेलं कुलूप) तसंच आहे. नुसतं फॅक्टरी रीसेटचं स्वाइप त्याला हात लावत नाही. ‘फॉरमॅट डेटा’ घेऊन ‘येस’ टाइप करावं लागतं, आणि त्यात फोटोंसकट सगळं जातं. फोटो आधीच कॉम्प्युटरवर काढून ठेवा.

आता माझा स्वतःचा गाढवपणा. वडिलांच्या फोनवर रॉम टाकली, सगळं झकास, फक्त सिमला रेंज नाही. कुठूनतरी उचललेल्या दोन कमांड चालवून मोडेमची (नेटवर्क सांभाळणाऱ्या भागाची) पार्टिशनं पुसली. फोन चालू झाल्यावर *#०६# दाबलं, तर आयएमईआयच्या (फोनच्या ओळख क्रमांकाच्या) जागी नुसतं शून्य. मूळ दुखणं जुन्या फर्मवेअरचं होतं. ते बदललं असतं तर दहा मिनिटांत काम झालं असतं. ईएफएसचा (आयएमईआयची माहिती असलेल्या भागाचा) बॅकअप घेतलेला नव्हता. आता बाबा तो फोन वायफायवर भजनं ऐकायला वापरतात, आणि मला दर दिवाळीला त्याची आठवण करून देतात. तेव्हा टीडब्ल्यूआरपीत सगळ्यात पहिलं काम म्हणजे ईएफएस आणि परसिस्टचा बॅकअप, तोही फोनबाहेर ठेवायचा. सेन्सरचं कॅलिब्रेशन परसिस्टमध्ये असतं.

रेंज आहे, नेट चालतंय, पण जिओवरून कॉल लागत नाही, ही तक्रार वेगळी. जिओला २जी-३जी नाहीच, त्यामुळे व्होल्टी (४जीवरून कॉल करण्याची सोय) बिघडलं की कॉल बंद. सेटिंग्जमधला ४जी कॉलिंगचा स्विच बघा, नाहीतर दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघा. त्यावर कॉल लागले, तर या वेळी खरंच रॉमवर संशय घ्यायला हरकत नाही.

जीॲप्स (प्ले स्टोअरसारखे गूगलचे ॲप) पहिल्या बूटच्या आधी टाकायचे, नंतर नाही. अँड्रॉइडची आवृत्ती जुळली पाहिजे, प्रकार एआरएम६४ (या फोनच्या प्रोसेसरचा), आणि पॅकेज सगळ्यात छोटं. मोठं घेतलंत तर जागा पुरत नाही आणि ‘एरर ७०’ समोर येतो. साइडलोड करताना, म्हणजे केबलने कॉम्प्युटरवरून फाइल टाकताना, कॉम्प्युटरवर आकडा ४७ टक्क्यांवर थांबलेला दिसला, तरी घाबरून केबल काढू नका. फोनच्या पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा. बऱ्याचदा काम पूर्ण झालेलं असतं.

पहिल्या बूटला दहा-पंधरा मिनिटं लागतात. अर्धा तास उलटला तर मात्र काहीतरी बिनसलंय, आणि कुठे बिनसलंय ते पडदाच सांगतो. रॉमचं बूट ॲनिमेशन फिरतंय म्हणजे कर्नल (अँड्रॉइडचा गाभा) उठलंय. एडीबी (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड देण्याचं साधन) लागत असेल तर लॉगकॅट (फोनच्या आतल्या घडामोडींची नोंद) काढा आणि कोणती ओळ पुन्हा पुन्हा येते ते शोधा. मीच्या लोगोवरूनच फोन परत परत सुरू होत असेल, तर कर्नल किंवा फर्मवेअर बघा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला. मी एकदा एकाच वेळी कर्नल, जीॲप्स आणि फर्मवेअर बदललं होतं. फोन चालला, पण कशामुळे ते आजतागायत कळलेलं नाही.

बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप उघडलं नाही तर त्यावर रात्र घालवू नका. रॉम टाकण्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक केलेला फोन प्ले इंटिग्रिटीच्या, म्हणजे गूगलच्या सुरक्षा तपासणीत बऱ्याचदा नापास होतो. पैशांचे व्यवहार दुसऱ्या फोनवरून करा.

राहता राहिली बॅटरी. चाळीस टक्के दाखवत असताना कॅमेरा उघडला आणि फोन धाडकन बंद पडला, की लोक तिसरी रॉम शोधायला लागतात. चार्जर लावून तोच कॅमेरा उघडा. व्यवस्थित चालला, तर रॉम आहे तीच ठेवा आणि नवी बॅटरी टाकून घ्या.