त्झात्झिकीला पाणी सुटतं? या चुका टाळा

त्झात्झिकी म्हणजे ग्रीक लोकांचं काकडी, दही, लसणाचं घट्ट डिप, सुवलाकीसोबत, म्हणजे काडीला लावून भाजलेल्या मांसाच्या तुकड्यांसोबत खातात ते. कार्ब्स कमी म्हणून हल्ली खूप जण करतात आणि मग तेच विचारतात, पाणी का सुटलं? अहो, काकडी पिळली नाही म्हणून!

काकडीत साधारण ९५ टक्के पाणीच असतं. माझ्या बहिणीने दहा माणसांसाठी केलं होतं, काकडी किसली, तशीच दह्यात घातली, मीठ घालून फ्रिजमध्ये ठेवलं, आणि रात्री पाहुणे ताटावर बसले तेव्हा वर बोटभर पांढरं पाणी आणि खाली चोथा. बिचारी रडकुंडीला आली होती. ते गाळून काही उपयोग नाही, मीठ आणि लसणाची चव त्या पाण्याबरोबरच जाते. मी काय करते, अर्धा किलो काकडी मधल्या बिया काढून जाड किसते, अर्धा चमचा मीठ चोळून वीस मिनिटं ठेवते आणि मग पंच्यात बांधून पिळते, हात दुखेपर्यंत. वाटीभर पाणी सहज निघतं. मूठ उघडल्यावर कीस कोरड्या गोळ्यासारखा राहिला पाहिजे, बोटं ओली झाली तर अजून पिळा. खमंग काकडी करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. वीस मिनिटं थांबायचा कंटाळा असेल तर सरळ कोशिंबीर करा, तीही छानच लागते.

दही साधं नको, चक्का हवा. रात्रभर टांगलेला, आंबट नसलेला. पाण्याबरोबर थोडी साखरही निघून जाते म्हणून कार्ब्सही कमी होतात. फ्लेवरवालं ग्रीक योगर्ट घेऊ नका, त्यात साखर असते.

मिक्सर अजिबात नाही! चक्का पातळ होतो आणि लसूण कडवट, उग्र लागतो. दोन पाकळ्या बारीक किसणीवर किसा, लसूण पावडर नको.

काकडीचं टोक आधी चाखा, कडू असेल तर ती काकडी बाजूला.

शेपू किंवा पुदिना, एक चमचा व्हिनेगर, दोन चमचे ऑलिव्ह ऑइल. मीठ शेवटी चाखूनच घाला, काकडीत आधीच आहे. लगेच वाढू नका, दोन तास फ्रिजमध्ये राहू द्या, लसणाचा तिखटपणा दह्यात उतरतो. दुसऱ्या दिवशी अजून छान लागतं, तिसऱ्या दिवशी मात्र मी ठेवत नाही.